परवासाहेबाचा बडग्या

"ब्रंट म्हणजे काय हो, मॅडम?"

त्या दिवशी हा प्रश्न मला अर्ध्या गल्लीनं विचारून झाला होता, म्हणून मी मान वर केली नाही. ओट्यावर पाटी आडवी टाकून मी 'इतवारी बेअर्स द ब्रंट'मधल्या 'बी' अक्षराचं पोट लाल रंगानं भरत होते. बाहेर पाऊस होता... श्रावण संपताना आमच्याकडे येतो तसा, पडायचं की नाही हे न ठरवताच पडणारा.

"घाव बसतो तेव्हा त्याचा सगळ्यात जास्त जोर ज्याच्यावर येतो ना, तो जोर म्हणजे ब्रंट," मी पाठ केल्यासारखं सांगितलं. "बेअर द ब्रंट. म्हणजे झळ सोसणं. झालं? पुढचं गिऱ्हाईक!"

"वाक्यात उपयोग करून सांगा नं."

आता मात्र मी वर पाहिलं. दुकानाच्या पत्र्याखाली एक मुलगा उभा होता. रेनकोट अर्धा काढलेला, गाडीचं हेल्मेट काखेत. पापण्यांवर पाणी होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. बरा दिसत होता. मी लगेच ठरवलं की याची दखल घ्यायची नाही.

नागपूरबाहेरच्या लोकांसाठी इथे थोडं थांबावं लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इतवारीतून मारबत निघते. एक काळी, एक पिवळी, बांबूकागदाच्या भल्या मोठ्या बाया. वर्षभराची रोगराई, इडापिडा सगळी त्यांच्या माथी मारायची, वाजतगाजत गावातून फिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे पुरुषांचे पुतळे. ज्या गल्लीला ज्याचा राग, तिचा तो बडग्या. आमच्या गल्लीचा बडग्या श्रीधरकाका करतात. ते माझे सख्खे काका, भांडे ओळीतलं हे पितळेचं दुकान त्यांचं, आणि वर आमचं घर. यंदा कोणाचा करायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. यंदा परवासाहेब.

परवासाहेब म्हणजे पाइपलाइनच्या कंत्राटदाराचा इंजिनिअर. उन्हाळ्यात त्यांनी आमची गल्ली खोदली आणि ती खोदलेलीच राहिली. हा साहेब रोज दुपारी यायचा, लोक त्याला घेरायचे आणि तो म्हणायचा, "परवा होऊन जाईन." असे परवा किती येऊन गेले कोणास ठाऊक! हातगाड्या बंद, टेम्पो बंद, माल डोक्यावर. त्यात आमची यमुआत्या नालीवरच्या, म्हणजे त्या खोदलेल्या चरावरच्या, फळीवरून घसरली आणि घोट्याला प्लास्टर लावून खिडकीत बसली. माणूस खिडकीत बसलं की त्याची जीभ दुप्पट चालते. त्या जिभेची झळ मी सोसत होते.

मी हिंगण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. त्यामुळे परवासाहेबाला मी कधी पाहिलं नव्हतं. पत्र्याखाली उभा होता तो हाच, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला नव्हतं कळलं. आणि मी एम.ए. आहे.

त्या दिवशी रविवार होता. काका आणि त्यांचा मुलगा विक्की बांबू आणायला गेले होते, आत्या झोपली होती. पाटी इंग्रजीत हवी हा हट्ट विक्कीचा. चॅनलवाले येतात, इंग्रजी दिसलं की कॅमेरा थांबतो म्हणे. गल्लीतलं सगळं इंग्रजी माझ्याकडे, म्हणून ब्रशही माझ्याकडे.

"वाक्य?" मी म्हटलं. "घ्या. सासू सुनेवर चिडते, सून नवऱ्यावर चिडते, नवरा पोराले धपाटा देते. द चाइल्ड बेअर्स द ब्रंट."

तो हसला. मोठ्यानं नाही, खांदे हलवून.

"म्हणजे चूक एकाची अन् सोसते दुसराच?"

"तसंच काही नाही. पण जो समोर उभा असतो ना, बहुतेक त्याच्यावरच येतं."

"मग या पुतळ्याचं काय? यानं काय केलं?" त्यानं भिंतीला टेकून ठेवलेल्या धडाकडे बोट केलं. तोंड अजून बसवायचं होतं.

"यानं? यानं सोसलं नाही, आमाले सोसायले लावलं," मी म्हटलं आणि परवासाहेबाची सगळी कुंडली त्याला सांगितली. हावभावांसकट. 'परवा होऊन जाईन' हे मी जरा नाकातून म्हणून दाखवलं. तो अगदी मन लावून ऐकत होता. मधेच म्हणाला, "एक चूक आहे पण."

"स्पेलिंग?"

"नाही, हेल्मेट. तुम्ही पिवळं दिलं. पिवळं कामगार घालतात. इंजिनिअरचं पांढरं असते."

"तुम्हाले काय माहीत?"

"असंच..." तो म्हणाला. "मी आणून देऊ का? माझ्याकडे एक जुनं आहे."

"द्या. पण परवा नका देऊ," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, माझ्यामुळे झाले. एका अर्थी माझ्यामुळेच.

*

तो दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आला. हातात पिशवी, पिशवीत पांढरं हेल्मेट, धुऊन पुसून आणलेलं. मीही त्या दिवशी शाळेतून आल्यावर साडी बदलून ठेवणीतला ड्रेस घातला होता, रंगाचं काम करायला. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जुना आहे.

"नाव नाही सांगितलं तुम्ही," मी म्हटलं.

"पियुष."

"मी नूपुर."

"माहीत आहे. काल मी निघालो तं तुमच्या आत्या जाग्या झाल्या अन् आतून हाका मारल्या नं... दहाबारा."

"त्याले हाका म्हणत नाहीत, ते आमचं घड्याळ आहे."

त्यानं हेल्मेट पुतळ्याच्या धडावर धरून पाहिलं. मी म्हटलं, थोडं तिरपं करा. त्यानं केलं. मी म्हटलं, उलट्या बाजूनं. त्यानं तसंही केलं. एवढं ऐकणारा माणूस आमच्या घराण्यात आजवर झाला नव्हता.

"मले एक वाक्य सुचलं," तो म्हणाला. "बरोबर का सांगा. आय केम टू सी द पुतळा..."

"यात ब्रंट कुठी आहे?"

"येते नं, थांबा... आय केम टू सी द पुतळा, बट नाऊ..."

ते वाक्य पुरं झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी काका दिसले, पाठीमागे बांबूचा भारा घेतलेला विक्की. काका जागीच थबकले.

"अबे, हा तं परवासाहेब होय!"

पुढचं सगळं भराभर झालं. दुकानांतून माणसं बाहेर आली. कोणी म्हणालं, पाहा हिंमत. कोणी म्हणालं, हेल्मेट घालूनच आला का गा? विक्कीनं मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला, हेल्मेट हातात आणि शेजारी स्वतःचाच पुतळा. वरून खिडकी उघडली.

"कोण होय? तोच का? थांबव त्याले, श्रीधर! मी येतो खाली!" यमुआत्या ओरडली. ती येऊ शकत नव्हती, पण पाय मात्र तिनं खिडकीबाहेर काढला, प्लास्टरसकट.

पियुषनं वर पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. "हे... नालीत पडून झालं?" त्यानं मला विचारलं. मी मान हलवली. काल मी त्याला सगळं सांगितलं होतं, हे एवढंच सांगायचं राहिलं होतं. आत्याचं पडणं विनोदात बसत नव्हतं म्हणून.

त्यानं हेल्मेट ओट्यावर ठेवलं. गाडी काढली आणि गेला. मला राग आला, पण कशाचा ते नीट ठरवता येईना. त्यानं लपवलं याचा, की तो गेला याचा.

"आता चेहराही आहे अन् नावही आहे," हेल्मेटच्या आत लिहिलेलं नाव वाचत काका म्हणाले. "फोटो मोठा करून तोंडावर लावू. अन् पोरी, पाटीवर पुरं नाव टाकजो. आडनावासकट. पाहू दे साऱ्या नागपूरले."

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तर हा हिंगण्याच्या स्टॉपवर उभा; माझी शाळा त्यानं कोणाकडून शोधून काढली कोणास ठाऊक. शिफ्ट सुटलेली, कंपन्यांच्या बसेस, मोटारसायकलींची झुंबड, आणि त्या गर्दीत हा एकटा न हलता.

"पोहे खाणार?" त्यानं विचारलं.

"मी रागावलेली आहे."

"रागावून खा."

ठेल्यावर आम्ही तर्री-पोहे घेतले, पोह्यांवर लालभडक तिखट रस्सा. त्यानं ठेलेवाल्याला सांगितलं, "मॅडमले तर्री कमी." मी म्हटलं, "मॅडमले तर्री जास्त." नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मी तोंडातून हूं का चूं केलं नाही.

"पाइपच आले नाहीत," तो पोह्यांकडे बघत म्हणाला. "कंपनीनं सांगितलं, लोकाईले शांत ठेव. परवा सांगितलं का माणूस दोन दिवस शांत बसते."

"अन् तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी मी पुन्हा जातो नं."

"'माहीत नाही' म्हणता नाही येत?"

"नाही आलं," तो म्हणाला. "भीती वाटली. आधी साहेबाची, मग तुमच्या गल्लीची. अन् एकदा खोटं बोललं का दुसऱ्यांदा सोपं जाते. तुमच्या आत्याच्या पायाचं मले खरंच माहीत नव्हतं. पण फळी तं मीच टाकायले लावली होती."

मी त्याला चूक नाही म्हणून सांगणार नव्हते. होती चूक. पण चूक स्वतःच्या तोंडानं कबूल करणारा माणूस समोर बसून तर्री खात असला की राग धरून ठेवायला फार कष्ट पडतात.

"काका पाटीवर नाव टाकायले सांगून राहिले," मी म्हटलं. "तुमचं. अन् तोंडाले फोटो."

त्याचा चमचा थांबला.

"पारशिवनीले माझी आई राहते," तो म्हणाला. "दरवर्षी टीव्हीवर मारबत पाहते, सकाळपासून. गावातल्या बाया जमा करते. माझा पोरगा नागपूरले इंजिनिअर आहे, हे तिचं एकच सांगणं असते... आता दिसेनच तिले."

"तुम्हाले नको असेन तं... ब्रश माझ्या हातात आहे."

"नको आहे," तो लगेच म्हणाला. "पण तुम्ही गाळू नका. तुमच्यावर येईन सगळं. गल्ली तुमची आहे, तिथी राहायचं तुम्हाले आहे."

"कालचं वाक्य काय होतं?" मी विचारलं. "बट नाऊ?"

"ते..." तो हसला, मग हसू आवरलं. "पुतळ्यावर नाव असलेल्या माणसानं तसं वाक्य बोलू नये."

माझी बस आली. त्यानं थांबवलं असतं तर मी थांबले असते. त्यानं थांबवलं नाही. रस्ताभर मी खिडकीबाहेर पाहत स्वतःला समजावत होते की झालं ते एक मनोरंजन होतं. समजूत काही पटेना.

*

पोळ्याच्या संध्याकाळी गल्ली भरून गेली होती. बडग्या उभा केला होता, दुमजली उंच. पांढरं हेल्मेट, हातात पुठ्ठ्याचा मोबाइल. चेहऱ्याची जागा मोकळी होती, विक्की फोटो गुंडाळून घेऊन उभा होता. पाटीवर 'इतवारी बेअर्स द ब्रंट' झकास उमटलं होतं. त्याखाली नावापुरती जागा मी सोडली होती, आणि दिवसभर काही ना काही निमित्त काढून ती रिकामीच ठेवली होती.

"लिही वं!" खुर्चीत आणून बसवलेली आत्या म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही. माह्या पायाएवढ्या."

मी ब्रश बुडवला. तेवढ्यात गर्दी बाजूला सरकली. तो येत होता, फळ्यांवरून, एकटा. कोणीतरी शिट्टी मारली. तो थेट आत्याच्या खुर्चीपाशी आला आणि वाकला.

"चुकलं माझं, आत्या."

"वाकल्यानं हाड जुळत नाही," आत्या म्हणाली.

"नाही जुळत." तो सरळ झाला आणि काकांकडे वळला. "श्रीधरभाऊ, तुमची नाली कधी बुजणार हे मले माहीत नाही. आधीही माहीत नव्हतं. पाइप आलेच नाहीत, कंपनीजवळ नाहीतच. मी खोटं सांगत होतो. हे तुम्ही चॅनलवाल्याईले सांगा, माझं नाव घेऊन सांगा. अन् पुतळ्यावर नाव टाकायचं असन तं टाका. मी ना म्हणत नाही."

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एवढं खरं ऐकायची कोणालाच सवय नव्हती. काकांनी घसा खाकरला, पण मंडळाच्या अध्यक्षाला एकदम माघार घेता येत नसते.

"ठीक आहे. कबूल आहे तं मग लिही, नूपुर. पी, आय..."

मी ब्रश डब्यात ठेवला.

"मी नाही लिहीत."

"काहून?"

"नाही लिहीत म्हणजे नाही लिहीत."

"काहून वं?" आता आत्या. तिच्या 'काहून'पुढे मी लहानपणापासून कधी टिकले नाही. "पाय माहा मोडला, अन् दया तुले येऊन राहिली?"

"दया नाही!" मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा फारच मोठा निघाला. "आवडतो तो मले."

इतवारीत असं कोणी बोलत नाही. निदान माइक लावून बसलेल्या बडग्या मंडळासमोर तरी नाही. विक्कीच्या हातातला फोटो खाली पडला. मी पियुषकडे पाहिलं नाही, पाहायची छातीच झाली नाही. पाय घरात जायला निघाले होते आणि जीव तिथेच अडकला होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले... तो नुसता उभा राहिला, तोंड उघडं टाकून.

शेवटी आत्याच बोलली. "आवडतो तं आवडतो. त्याच्यात बोंबलायचं काय एवढं? पण सजा तं त्याले भेटली पाहिजे. ए परवासाहेब! आजवर मी एकही मारबत चुकवली नाही. उद्या मले चौकात नेशील. उचलून. खुर्चीसकट."

*

बडग्याचं हेल्मेट काढलं. त्याला कोट आणि टाय घातला आणि कंपनीच्या मोठ्या साहेबाचा पुतळा म्हणून नेला. मोठ्या साहेबाला गल्लीत कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून तोंड कोरं ठेवलं. चॅनलवाल्यांनी तेच सगळ्यात जास्त दाखवलं. काकांनी माइकवर पाइपची सगळी हकिगत सांगितली, पियुषनं सांगितल्याप्रमाणे, त्याचं नाव घेऊन.

आणि यमुआत्या निघाली प्लास्टिकच्या खुर्चीत. एका बाजूनं पियुष, एका बाजूनं विक्की. नवी साडी, प्लास्टर पुढे, हातात पंखा. ढोल, ताशे, गुलाल, पोट्टे एकमेकांच्या खांद्यांवर. गर्दीतल्या काहींना वाटलं हीसुद्धा मारबतच आहे. ते हात जोडून ओरडायला लागले, "इडा पिडा घेऊन जाऽऽ गे मारबत!"

"तुह्या मायले घेऊन जा!" आत्या वरून ओरडली. लोक आणखी खूश झाले.

मी खुर्चीच्या बाजूनं चालत होते. कालपासून त्याच्याशी एक शब्द नाही. तो घामानं भिजला होता, कपाळावर गुलाल ओघळत होता. चौकात काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या, गर्दी थबकली आणि आम्हीही थांबलो.

"सकाळी फोन आला," तो समोरच पाहत म्हणाला. "कालचं माझं बोलणं साहेबाच्या कानावर गेलं. या साइटवरून काढलं मले. उद्यापासून चंद्रपूर रोडच्या कामावर."

गल्लीतला खड्डा तसाच राहणार होता, आणि हा चालला होता.

"मग आता... येणं बंद?"

"कामासाठी येणं बंद."

"बरं," मी म्हटलं. आवाज सरळ ठेवला, शाळेत ठेवते तसा. "आईनं पाहिलं टीव्हीवर?"

"पाहिलं नं. मघा खुर्ची टेकवली तेव्हा फोन आला तिचा. काकांचं भाषण पुरं ऐकलं तिनं. म्हणे, खोटं काहून बोलला? रागावली. मग म्हणे, खुर्चीतली बाई कोण? मी सांगितलं. मग म्हणे, अन् बाजूनं चालून राहिली ती पोरगी?"

"काय सांगितलं?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिले सांगितलं, पण तुले सांगायचं राहिलं. काल साऱ्या गल्लीसमोर तू बोलली अन् मी बुजगावण्यासारखा उभा राहिलो. रात्रभर झोप नाही, नूपुर. मलेही तू आवडतेस. पाटी रंगवून राहिली होतीस नं, माझीच नक्कल करून... तेव्हापासून. येऊ का मी गल्लीत? कामाशिवाय? तुह्यासाठी?"

ढोल एवढे वाजत होते, तरी मला सगळं अगदी स्वच्छ ऐकू आलं. मला नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलायचं होतं. पण डोळे भरून आले आणि मी फक्त मान हलवली.

"तोंडानं सांग वं त्याले," वरून आत्या म्हणाली, "पोट्ट्याचे हात भरून आले असन. अन् तू, ठरलं म्हणून खुर्ची खाली नको ठेवजो. घरी जायचं आहे अजून."

"ये," मी म्हटलं. "रोज ये."

त्यानं खुर्चीवरची पकड सारखी केली आणि आम्ही परत फिरलो.